सॅम्युएल अजायी क्राउथर

सॅम्युएल अजायी क्राउथर (जन्म: अंदाजे १८०९, ओशोगुन, मृत्यू: ३१ डिसेंबर १८९१, लागोस) हे पश्चिम आफ्रिकेतील योरुबा समाजात जन्मलेले ख्रिस्ती धर्मोपदेशक, भाषाभ्यासक आणि अँग्लिकन चर्चचे पहिले आफ्रिकी बिशप होते. बालपणी गुलाम म्हणून विकल्या गेलेल्या क्राउथर यांची सुटका ब्रिटिश नौदलाने केली आणि सिएरा लिओनमध्ये त्यांचे शिक्षण झाले. योरुबा भाषेचा पहिला मोठा शब्दकोश व व्याकरण आणि बायबलच्या योरुबा भाषांतराचा मोठा भाग ही त्यांची कामगिरी होय. इंग्रजी शिक्षण, इंग्रजी नाव आणि ख्रिस्ती धर्म यांच्या आधारे एकोणिसाव्या शतकात पश्चिम आफ्रिकेच्या किनाऱ्यावर जो नवा प्रतिष्ठित वर्ग उदयास आला, त्याचे ते सर्वांत ठळक प्रतिनिधी मानले जातात. त्या प्रतिष्ठेला असलेली मर्यादाही त्यांच्याच आयुष्याच्या अखेरीस उघड झाली.

बालपण आणि गुलामगिरी

अजायी यांचा जन्म आजच्या नायजेरियातील ओयो राज्यात असलेल्या ओशोगुन या गावी झाला. अजायी हे नाव योरुबा प्रथेनुसार जन्माच्या वेळी पालथ्या स्थितीत आलेल्या बालकाला दिले जाते. त्या काळात ओयोचे जुने साम्राज्य मोडकळीस आले होते आणि योरुबा प्रदेश आपसांतील युद्धांनी पोखरला जात होता. युद्धकैद्यांना किनाऱ्यावरील व्यापाऱ्यांना विकणे हा त्या युद्धांचा एक मोठा आर्थिक आधार होता.

१८२१ मध्ये फुलानी आणि ओयोतील मुस्लिम सैनिकांच्या टोळीने ओशोगुनवर हल्ला केला. आई, भावंडे आणि सुमारे बारा वर्षांचे अजायी पकडले गेले. लवकरच मायलेकरांची ताटातूट झाली. एकदा एका घोड्याच्या बदल्यात त्यांना देण्यात आले आणि घोडा पसंत न पडल्याने तो व्यवहार मोडला. त्यानंतर ते अनेक हातांतून विकले गेले. आपल्याला पोर्तुगीजांच्या हवाली करतील या भीतीने त्यांनी आत्महत्येचाही विचार केला होता, असे त्यांनी पुढे आपल्या आठवणींत नमूद केले आहे. अखेर लागोस येथे ते पोर्तुगीज व्यापाऱ्यांच्या ताब्यात गेले आणि एस्पेरांझा फेलिक्स या जहाजावर चढवले गेले.

ब्रिटनने १८०७ मध्ये गुलामांचा व्यापार बेकायदा ठरवला होता आणि त्याच्या नौदलाची गस्त पश्चिम आफ्रिकेच्या किनाऱ्यावर असे. ७ एप्रिल १८२२ रोजी या गस्तीने ते जहाज पकडले. सुटकेचा अर्थ मुलांना लगेच कळला नाही. नौदलाच्या जहाजावर टांगलेले डुकराचे मांस माणसाचे आहे आणि तोफगोळ्यांचा ढीग म्हणजे मुंडकी आहेत, असा त्यांचा समज झाला होता. जूनमध्ये ते सिएरा लिओनच्या किनाऱ्यावर उतरले.

सिएरा लिओन आणि शिक्षण

सिएरा लिओनची राजधानी फ्रीटाउन आणि तिच्या आसपासची गावे ही मुक्त केलेल्या गुलामांची वसाहत होती. पश्चिम आफ्रिकेच्या कानाकोपऱ्यांतून आलेले, परस्परांची भाषा न जाणणारे हजारो लोक तेथे एकत्र आले होते. मूळ गाव, कुळ आणि देवस्थान यांच्याशी असलेले नाते तुटलेल्या या लोकांना शाळा आणि चर्च हाच नवा आधार मिळाला. कुळाच्या नावावर मिळणारा मान येथे शिल्लक राहिला नव्हता. तो वाचता येणे, सुतारकाम किंवा शिवणकाम येणे, इंग्रजीत बोलता येणे यांवर ठरू लागला.

अजायी यांना बॅथर्स्ट या गावी ठेवण्यात आले. सहा महिन्यांच्या आत ते बायबलचा नवा करार वाचू लागले. सोबत सुतारकामही शिकले. ११ डिसेंबर १८२५ रोजी त्यांचा बाप्तिस्मा झाला आणि लंडनमधील एका पाद्र्याच्या नावावरून त्यांनी सॅम्युएल क्राउथर हे नाव घेतले. १८२६ मध्ये ते इंग्लंडला गेले व इझलिंग्टन येथील शाळेत काही महिने शिकले. १८२७ मध्ये चर्च मिशनरी सोसायटीने फ्रीटाउनजवळ फुराह बे येथे महाविद्यालय सुरू केले, तेव्हा त्याच्या पहिल्या विद्यार्थ्यांमध्ये क्राउथर होते. पुढे त्यांनी तेथे अध्यापनही केले. त्यांच्या पत्नी सुझन (मूळ नाव असानो) यादेखील गुलामांच्या जहाजावरून सोडवलेल्या होत्या.

याच सोसायटीने काही दशकांनंतर पश्चिम भारतात असाच प्रयोग केला. अरबी समुद्रात पकडलेल्या जहाजांवरील आफ्रिकी मुलांना नाशिकजवळील शरणपूर येथे ठेवून शिक्षण दिले जाई. तेथून मोंबासाकडे परतलेल्यांना पूर्व आफ्रिकेत बॉम्बे आफ्रिकन या नावाने ओळखले जाई. शाळा आणि कारागिरी यांतून सुटका झालेल्यांचा नवा समाज घडवण्याची कल्पना दोन्ही ठिकाणी एकच होती.

नायजर मोहीम आणि धर्मदीक्षा

१८४१ मध्ये ब्रिटिश सरकारने नायजर नदीच्या वरच्या भागात मोठी मोहीम पाठवली. गुलामांच्या व्यापाराऐवजी शेतमालाचा व्यापार आणि शेती वाढवावी, असा तिचा हेतू होता. जर्मन मिशनरी शोन यांच्यासोबत क्राउथर तीत सहभागी झाले. हिवतापाने मोहिमेची वाताहत केली. सुमारे १४५ युरोपीयांपैकी बहुतेक आजारी पडले आणि चाळीसहून अधिक मृत्युमुखी पडले. मोहीम फसली, परंतु आफ्रिकेच्या अंतर्भागात काम करायचे तर आफ्रिकी माणसेच तयार केली पाहिजेत, हा निष्कर्ष तीतून निघाला. क्राउथर यांच्या पुढील वाटचालीस या अपयशाचाच मोठा हातभार लागला.

१८४३ मध्ये लंडन येथे त्यांना पाद्रीपदाची दीक्षा मिळाली. त्याच वर्षी त्यांचा योरुबा शब्दसंग्रह प्रसिद्ध झाला. पुढील वर्षाच्या आरंभी फ्रीटाउनमध्ये त्यांनी योरुबा भाषेत उपासना घेतली. इंग्रजी ही प्रतिष्ठेची भाषा ठरत असलेल्या शहरात ही गोष्ट लहान नव्हती.

अबेओकुटा आणि आईची भेट

सिएरा लिओनमधील काही योरुबा कुटुंबे १८३० च्या दशकाच्या अखेरीपासून स्वखर्चाने मायदेशी परतू लागली होती. त्यांच्या मागोमाग मिशनही आले. हेन्री टाउनसेंड यांच्याबरोबर क्राउथर १८४६ मध्ये अबेओकुटा येथे पोहोचले. त्याच वर्षीच्या ऑगस्टमध्ये, पंचवीस वर्षांच्या ताटातुटीनंतर, त्यांची आई अफाला त्यांना भेटली. मधल्या काळात तिलाही पुन्हा पुन्हा विकले गेले होते. १८४८ मध्ये अबेओकुटा येथे बाप्तिस्मा घेणाऱ्या पहिल्या काही जणांत ती होती आणि तिला हॅना हे नाव देण्यात आले.

१८५१ मध्ये क्राउथर इंग्लंडला गेले असता राणी व्हिक्टोरिया, प्रिन्स अल्बर्ट आणि परराष्ट्रमंत्री पामर्स्टन यांच्याशी त्यांच्या भेटी झाल्या. लागोस हे तेव्हा गुलामांच्या व्यापाराचे केंद्र होते आणि तेथील राजा कोसोको याच्याविरुद्ध ब्रिटनने हस्तक्षेप करावा, अशी मांडणी त्यांनी केली. वर्षअखेरीस ब्रिटिश नौदलाने लागोसवर तोफा डागल्या, कोसोकोला हुसकावले आणि अकितोये याला पुन्हा गादीवर बसवले. १८६१ मध्ये लागोस ब्रिटिश वसाहत झाली. या निर्णयामागे ब्रिटनचे व्यापारी हितसंबंध होतेच. तरीही मायदेशात परकीय सत्तेला वाट करून देण्यात क्राउथर यांचाही वाटा होता, हे नाकारता येत नाही.

भाषाकार्य

क्राउथर यांच्या कामांपैकी सर्वाधिक टिकलेले काम भाषेचे आहे. योरुबा ही स्वराघातांवर अर्थ बदलणारी भाषा आहे. ओको असा ढोबळपणे ऐकू येणारा एकच शब्द स्वराच्या चढउतारानुसार पती, कुदळ किंवा होडी असा अर्थ देतो. युरोपीय मिशनऱ्यांना हे भेद पकडणे अवघड जाई. क्राउथर यांना ते जन्मजात होते. १८५२ मध्ये त्यांच्या शब्दकोशाची व व्याकरणाची विस्तारित आवृत्ती प्रसिद्ध झाली. शब्द गोळा करण्यासाठी ते वृद्धांशी बोलत, म्हणी व विधींतील भाषा टिपून ठेवत. मिशनच्या आवारात ऐकू येणाऱ्या मोडक्या बोलीपेक्षा बाजारातील आणि दरबारातील भाषा त्यांना प्रमाण वाटे.

बायबलच्या भाषांतरात त्यांनी केलेल्या शब्दनिवडीचे परिणाम दूरगामी ठरले. परमेश्वरासाठी त्यांनी ओलोरुन हे जुने योरुबा नाव स्वीकारले. प्रार्थनेसाठी आदुरा, धर्मोपदेशकासाठी अलुफा हे शब्द घेतले. हे शब्द योरुबा मुसलमानांच्या व्यवहारातून भाषेत रुळलेले होते आणि त्यांना ते परके वाटले नाहीत. मात्र सैतानासाठी त्यांनी एशू या देवतेचे नाव वापरले. एशू हा योरुबा परंपरेत देवांचा दूत, चौकाचौकांचा आणि व्यवहारांचा अधिपती. खोडकर, पण केवळ दुष्ट नव्हे. आजही योरुबा धर्माचे अनेक अनुयायी आणि अभ्यासक या निवडीवर आक्षेप घेतात.

१८७५ मध्ये लागोस येथे योरुबा लेखनपद्धती निश्चित करण्यासाठी परिषद भरली. तिचे अध्यक्षस्थान क्राउथर यांच्याकडे होते. तेथे ठरलेली पद्धती पुढे जवळपास शतकभर प्रमाण राहिली. संपूर्ण योरुबा बायबल अनेकांच्या सहकार्याने १८८० च्या दशकात पूर्ण झाले. इग्बो भाषेतील प्राथमिक पुस्तक (१८५७) आणि नुपे भाषेचा अभ्यास हेही त्यांचे काम होय.

बिशपपद

१८५४ च्या नायजर मोहिमेत क्विनीनच्या नियमित वापरामुळे एकही युरोपीय दगावला नाही. क्राउथर याही मोहिमेत होते. १८५७ मध्ये त्यांनी सहकारी जॉन टेलर यांच्यासह ओनित्शा येथे इग्बो प्रदेशातील मिशनची स्थापना केली. त्यामागोमाग लोकोजा, बॉनी, ब्रास अशी केंद्रे उभी राहिली. येथील बहुतेक सर्व कर्मचारी आफ्रिकी, त्यांतही सिएरा लिओनचे होते.

सोसायटीचे सचिव हेन्री व्हेन यांचे मत असे, की स्थानिक चर्चने स्वतःचा कारभार, स्वतःचा खर्च आणि स्वतःचा प्रसार स्वतःच सांभाळावा व मिशनने तेथून बाजूला व्हावे. या विचाराचे प्रत्यक्ष उदाहरण म्हणून त्यांनी क्राउथर यांना पुढे केले. क्राउथर स्वतः अनुत्सुक होते; व्हेन यांच्या आग्रहामुळे ते राजी झाले. २९ जून १८६४ रोजी कँटरबरी कॅथीड्रलमध्ये त्यांना बिशपपदाची दीक्षा देण्यात आली. ऑक्सफर्ड विद्यापीठाने त्यांना धर्मशास्त्राची डॉक्टरेट दिली.

या नियुक्तीत एक मोठी मेख होती. क्राउथर यांचा धर्मप्रांत ब्रिटिश वसाहतींच्या बाहेरील प्रदेशापुरता ठेवला गेला. अबेओकुटा येथील युरोपीय मिशनऱ्यांनी, विशेषतः टाउनसेंड यांनी, आफ्रिकी बिशपच्या हाताखाली काम करण्यास विरोध केला होता. परिणामी ज्या प्रदेशाची भाषा, माणसे आणि चालीरीती क्राउथर यांना सर्वांत परिचित होत्या, तो योरुबा प्रदेशच बहुतांशी त्यांच्या अधिकाराबाहेर राहिला. त्यांच्याकडे आली ती नायजर नदी, जेथे त्यांना दुभाष्याची गरज पडे.

त्यांनी हे काम शांतपणे आणि व्यवहारी वृत्तीने केले. नदीकाठच्या राजांना धर्मापेक्षा शाळेत अधिक रस आहे, हे त्यांनी ओळखले. व्यापाराचे हिशेब समजणारी, इंग्रजीत पत्र लिहिणारी मुले राजघराण्यांना हवी होती. बॉनी येथे शाळेच्या खर्चाचा वाटा राजानेच उचलला. त्याच बॉनीत पूर्वी पवित्र मानल्या जाणाऱ्या घोरपडींना मिळणारे संरक्षण १८६७ मध्ये राजाने काढून घेतले. इस्लामी राज्यकर्त्यांशी वाद घालण्याऐवजी ते संयमाने, दोन्ही धर्मांना समान असलेल्या गोष्टींपासून बोलणे सुरू करीत. बहुपत्नीत्वाबाबत मात्र ते कठोर होते. अनेक बायका असलेल्या पुरुषाला बाप्तिस्मा देण्यास त्यांचा विरोध होता.

सारो समाज आणि प्रतिष्ठा

सिएरा लिओनमधून परतलेल्यांना लागोसमध्ये सारो म्हणत. ब्राझीलहून परतलेल्या, बहुधा कॅथलिक असलेल्या कारागिरांचा वर्ग त्यांच्याहून वेगळा होता. वसाहतीच्या कचेऱ्यांत कारकून, न्यायालयांत वकील, व्यापारी पेढ्यांत मध्यस्थ, चर्चमध्ये पाद्री अशा जागा सारोंनी भरल्या. डॉक्टर आणि वकील होण्यासाठी त्यांची मुले इंग्लंडला जात. मरीना आणि ब्रॉड स्ट्रीट या भागांत त्यांची घरे होती. घरात पियानो, अंगात लांब काळा कोट, डोक्यावर उंच टोपी, सायंकाळी गायनाच्या मैफली असे त्यांच्या जीवनाचे चित्र होते. जॉन्सन, विल्यम्स, कोल, मॅकॉले अशी त्यांची आडनावे होती.

लग्न ही या प्रतिष्ठेची सर्वांत मोठी खूण होती. १८८४ च्या विवाह कायद्याखाली चर्चमध्ये लागलेल्या एकपत्नी विवाहाने पत्नीला आणि तिच्या मुलांना इंग्रजी पद्धतीचा वारसा हक्क मिळे, तर योरुबा रीतीत वारसा मोठ्या कुटुंबाकडे जाई. त्यामुळे सुशिक्षित घरांतील स्त्रिया या विवाहाचा आग्रह धरीत. अनेक पुरुष मात्र चर्चमध्ये एक लग्न करून परंपरागत पद्धतीने इतर संसारही थाटत.

क्राउथर यांचे स्वतःचे कुटुंब या वर्गाच्या केंद्रस्थानी होते. त्यांचे जावई थॉमस बॅबिंग्टन मॅकॉले (भारतीय शिक्षणावरील टिपणाने परिचित असलेले लॉर्ड मॅकॉले ते हे नव्हेत, नावापुरतेच साम्य) यांनी १८५९ मध्ये लागोस येथे सीएमएस ग्रामर स्कूल सुरू केले. नायजेरियातील हे पहिले माध्यमिक विद्यालय होय. मुलगा जोसाया नायजरवरील व्यापारी कंपनीत अधिकारी होता, तर डँडेसन चर्चमध्ये आर्चडीकनच्या पदावर पोहोचला.

अंतर्भागातील लोकांच्या दृष्टीने सारो हे काळे असूनही गोऱ्यांसारखे वागणारे होते. सारोंच्या मनातही स्थानिक रीतींबद्दल कधी तुच्छता, कधी संकोच असे. क्राउथर यांचा पोशाख इंग्रजी पाद्र्याचा होता आणि पारंपरिक धर्माविषयी त्यांचे मत इतर मिशनऱ्यांपेक्षा फारसे वेगळे नव्हते. भाषेच्या बाबतीत मात्र ते आपल्या वर्गाच्या पुढे होते. अजायी हे नाव त्यांनी कधी पूर्णपणे टाकले नाही.

अखेरचा संघर्ष

१८७३ मध्ये व्हेन यांचे निधन झाले आणि क्राउथर यांचा लंडनमधील मुख्य आधार गेला. पुढील दोन दशकांत परिस्थिती झपाट्याने बदलली. आफ्रिकेची युरोपीय सत्तांमध्ये वाटणी होऊ लागली, वंशश्रेष्ठत्वाच्या कल्पनांना जोर आला आणि क्विनीनमुळे युरोपीय माणसाला आफ्रिकेत टिकणे सोपे झाले. ज्या कारणाने आफ्रिकी नेतृत्वाची गरज वाटली होती, ते कारणच उरले नाही. नायजरवरील व्यापारी कंपन्यांचे १८७९ मध्ये एकत्रीकरण झाले आणि १८८६ मध्ये त्यांना सनद मिळाली. या कंपनीला आफ्रिकी मध्यस्थ नकोसे झाले होते.

मिशनमध्ये दोषही होते. अफाट पसरलेला प्रांत, तुटपुंजा पैसा, देखरेखीसाठी कंपनीच्या बोटींवर अवलंबून असलेले वृद्ध बिशप अशा अवस्थेत काही कर्मचारी खाजगी व्यापारात गुंतले, काहींवर गंभीर गुन्हे सिद्ध झाले. क्राउथर माणसांवर सहज विश्वास ठेवीत आणि कारवाईला उशीर करीत, ही टीका निराधार नव्हती. परंतु तरुण इंग्रज मिशनऱ्यांच्या नव्या तुकडीने काही जणांच्या दोषांवरून संपूर्ण आफ्रिकी पाद्रीवर्गच अपात्र ठरवला.

या तुकडीचे नेते ब्रुक आणि रॉबिन्सन हे उत्साही तरुण होते. त्यांनी स्वतः हौसा पद्धतीचा सैल झगा धारण केला आणि सिएरा लिओनच्या पाद्र्यांनी इंग्रजी कपडे व राहणी स्वीकारल्याबद्दल त्यांच्यावर टीका केली. इंग्रजी पोशाख, इंग्रजी नाव आणि इंग्रजी शिक्षण ही सुधारलेपणाची लक्षणे आहेत, असे याच सोसायटीच्या शाळांनी त्या पाद्र्यांना दोन पिढ्या शिकवले होते.

ऑगस्ट १८९० मध्ये ओनित्शा येथे वित्तसमितीची बैठक झाली. ऐंशी वर्षांच्या बिशपसमोर त्यांच्या अनेक सहकाऱ्यांवर ठपका ठेवण्यात आला. डँडेसन यांच्यासह काहींना निलंबित करण्यात आले. आपल्या पाद्र्यांना काढण्याचा अधिकार बिशपचा की समितीचा, हा प्रश्न क्राउथर यांनी उपस्थित केला आणि समितीचा राजीनामा दिला. या घटनेनंतर त्यांची प्रकृती ढासळली. पक्षाघाताने ३१ डिसेंबर १८९१ रोजी लागोस येथे त्यांचे निधन झाले.

परिणाम आणि वारसा

त्यांच्या जागी हिल हे इंग्रज बिशप नेमले गेले. आफ्रिकी व्यक्तींना सहायक बिशपपदापर्यंत जाता येई. स्वतंत्र धर्मप्रांताचा बिशप म्हणून पुढील आफ्रिकी नियुक्तीस अर्धशतकाहून अधिक काळ लागला. नायजर त्रिभुजप्रदेशातील मंडळ्यांनी डँडेसन यांच्या नेतृत्वाखाली १८९२ मध्ये सोसायटीच्या आर्थिक नियंत्रणातून बाहेर पडून स्वतःची व्यवस्था उभारली.

लागोसच्या सुशिक्षित वर्गाला या प्रकरणाचा मोठा धक्का बसला. बिशपलाच अशी वागणूक मिळत असेल, तर कारकून, वकील आणि शिक्षक यांनी कशाची अपेक्षा करावी, हा प्रश्न वृत्तपत्रांतून आणि सभांतून विचारला गेला. लायबेरियात वास्तव्य असलेले विचारवंत एडवर्ड ब्लायडन यांनी लागोसमध्ये स्वतंत्र आफ्रिकी चर्चचा पुरस्कार केला आणि ऑगस्ट १८९१ मध्ये, क्राउथर हयात असतानाच, युनायटेड नेटिव्ह आफ्रिकन चर्चची स्थापना झाली. क्राउथर स्वतः मात्र अखेरपर्यंत अँग्लिकन चर्चमध्येच राहिले. काहींनी इंग्रजी नावे टाकून योरुबा नावे घेतली; बॅप्टिस्ट पाद्री डेव्हिड व्हिन्सेंट हे मोजोला अग्बेबी झाले आणि त्यांनी योरुबा पोशाख कायमचा स्वीकारला. लागोसच्या प्रतिष्ठित घरांत योरुबा इतिहास, म्हणी आणि गाणी गोळा करण्याची लाट आली. या लाटेतील लेखकांच्या हाती योरुबा लिहिण्याची जी पद्धती होती, ती मुख्यतः क्राउथर यांनीच रुळवलेली होती.

क्राउथर यांचे नातू हर्बर्ट मॅकॉले (१८६४–१९४६) यांनी इंग्लंडमध्ये अभियांत्रिकीचे शिक्षण घेतले, काही काळ सरकारी नोकरी केली आणि पुढे जमिनीच्या हक्कांवरून ब्रिटिश प्रशासनाशी झगडत नायजेरियन राष्ट्रवादाचे अग्रणी म्हणून नाव मिळवले. त्यांनी इंग्रजी आडनाव आणि सूट कायम ठेवला.

२९ जून २०१४ रोजी क्राउथर यांच्या बिशपपदाच्या दीक्षेस दीडशे वर्षे पूर्ण झाल्यानिमित्त कँटरबरी कॅथीड्रलमध्ये विशेष उपासना झाली. कँटरबरीचे तत्कालीन आर्चबिशप जस्टिन वेल्बी यांनी त्या वेळी क्राउथर यांच्यावर झालेल्या अन्यायाबद्दल चर्चच्या वतीने खेद व्यक्त केला.